खंडेनवमीला चाललेलं इंजिन

ईशान आणि मृण्मयी,

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलींनी वसतिगृहात कुणी पांढरं दिसल्याचं सांगितलं की मी टॉर्च घेऊन जायची आणि वाळत टाकलेली चादर काढून आणायची. आजही मत बदललेलं नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण तुमच्या आजोबांच्या शेवटच्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलंत, आणि तो दिवस याच्याशिवाय सांगताच येत नाही.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आजोबांचं वर्कशॉप होतं. कापसातली सरकी काढायच्या, जिनिंगच्या मशीन दुरुस्त करायचे. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास कापसाचं सगळंच बिघडलं. एकेक जिनिंग बंद पडत गेलं आणि वर्कशॉपमध्ये उरले आजोबा आणि त्यांचा जुना मिस्त्री गजानन. काम नव्हतं, पण दोघे रोज नऊला जायचेच.

त्याच काळात मुंबईहून एक लाकडी पेटी आली. आत होतं शर्यतीच्या होडीचं इंजिन. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात, तसं. दोन सिलिंडरचं, अमेरिकन बनावटीचं, पन्नास वर्षांपूर्वीचं. तरुणपणी आजोबा मुंबईत एका शौकीन पारशी गृहस्थांकडे मेकॅनिक होते, त्यांचं हे इंजिन. त्यांच्या मुलाने भंगारात काढायच्या आधी आजोबांना विचारलं, आणि हे लगेच हो म्हणाले.

गजाननने पेटी उघडून पाहिली आणि डोक्याला हात लावला. "दादा, गावात टँकरनं पाणी येऊन राह्यलं, अन् तुम्ही होडीचं इंजिन आनलं? आता समुद्र कधी येते यवतमाळले?"

"समुद्र नको रे. पाण्याचा एक ड्रम पुरतो, खालचा पंखा बुडाला की झालं," आजोबा म्हणाले.

मला मात्र त्यांनी खरं कारण सांगितलं. त्या इंजिनाच्या पिस्टनच्या डोक्याला एका बाजूने उतार असतो. ती बाजू धूर बाहेर पडतो तिकडे यायला हवी. तेवीस वर्षांच्या आजोबांनी शर्यतीच्या आदल्या दिवशी घाईत एक पिस्टन उलटा बसवला. होडी सगळ्यांच्या पुढे होती आणि अर्ध्यात इंजिन जाम होऊन बंद पडलं. मालक रागावले नाहीत. आजोबांनी मात्र महिन्याभरात मुंबई सोडली. "एकदा नीट चाललेलं ऐकायचंय मला," म्हणाले. "बस, एवढंच."

मग मीही त्यात ओढली गेले. पेटीतच आलेलं इंग्रजी मॅन्युअल मी वाचून मराठीत सांगायची. सुटा केलेला प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, चिठ्ठी लावून डब्यात ठेवायची. आठ महिने लागले. पिस्टन बसवायच्या दिवशी त्यांनी मला मॅन्युअलचं ते एकच पान चार वेळा वाचायला लावलं.

"अहो, माझ्या सातवीच्या मुलींनासुद्धा एवढ्यात पाठ झालं असतं."

"त्यांच्यामुळे कुणी शर्यत हरलं नव्हतं," ते म्हणाले.

इंजिन पूर्ण झालं ते खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. ड्रम भरून ठेवला होता, इंजिन त्याच्या काठावरच्या फळीला आवळलं होतं, इंधनात एरंडेल मिसळून टाकी भरली होती. शर्यतीच्या त्या इंजिनांना एरंडेलच लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूजेला गेलो. तुम्हाला ठाऊक नसेल — खंडेनवमीला हत्यारं-यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा करतात आणि त्या दिवशी ती चालवत नाहीत. मी लेथला, ड्रिलला हळद-कुंकू लावलं. इंजिनाच्या वरच्या उघड्या चाकालाही लावलं आणि त्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं.

आजोबा दोरी घेऊन उभेच होते. चाकाला दोरी गुंडाळून ओढली की ते इंजिन सुरू होतं.

"दोनच मिनिटं," ते म्हणाले.

"आज नाही. पूजा झाली आता."

"तू कधीपासून मानायला लागलीस?"

"मानत नाही. पण रीत म्हणजे रीत. शिवाय एक वाजता पाहुणे यायचेत जेवायला, आणि तुम्ही तेलाने माखून बसाल."

गजानन माझ्याच बाजूने बोलला. "काकू बराबर सांगून राह्यल्या, दादा. आज मशिनीले आराम द्या. पन्नास वर्ष थांबले, एक दिवस जड झाला का तुमाले?"

आजोबा हसले. मी त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मला त्यांचा स्वभाव माहीत होता... मी वळले की ओढली असती. वर्कशॉपला कुलूप मीच लावलं. किल्लीही माझ्याकडेच.

"बरं. उद्या, सोनं वाटून झालं की," एवढंच म्हणाले.

पाहुणे जेवून गेले. आजोबा आरामखुर्चीत पेपर घेऊन पडले. साडेतीनला मी चहा घेऊन गेले, तर ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेतच. खोलीत एक वास होता — जळक्या एरंडेलाचा. कपड्यांना लागला असेल, असं मनात येऊन गेलं. पण त्यांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. आणि एरंडेल तर अजून जळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दालमिलचे चौकीदार, मडावी, भेटायला आले. मग म्हणाले, "बाई, साहेब काल कितीले गेले?"

"साडेतीनच्या आधी कधीतरी."

"मंग तीन वाजता वर्कशॉपात कोन होतं? इंजिन चालू होतं ना. मस्त चालून राह्यलं होतं, एकसुरी. मले वाटलं, आज खंडेनवमी, साहेब आज काहून चालवून राह्यले? मी गेलतो पाहाले, तं कुलूप."

तिसऱ्या दिवशी मी गजाननला घेऊन गेले. कुलूप जसंच्या तसं. ड्रममधलं पाणी वीतभर उतरलेलं, भोवतीच्या फरशीवर शिंतोड्यांचे डाग, पाण्यावर तेलाचा तवंग. आणि चाकावर झेंडूचं फूल होतं, मी ठेवलं तिथेच. कुंकूसुद्धा पुसटलं नव्हतं. ते चाक मिनिटाला चार-पाच हजार वेळा फिरतं. फूल राहील कसं?

गजाननने इंजिनाचे स्पार्क प्लग काढले. नवे कोरे प्लग मी स्वतः पुडीतून काढून दिले होते. दोन्ही काजळीने काळे. त्याने ते माझ्या तळहातावर ठेवले आणि शेजारी खाली बसला. "काकू, हे इंजिन चाललेलं हाय," म्हणाला, आणि रडायला लागला. "मी बी नाही म्हटलं होतं ना त्यायले."

कुणाकडे दुसरी किल्ली होती का, कुणी दुसरी दोरी आणली का, हे सगळं मी तपासलं. नीट, लिहून काढून. उत्तर मिळालं नाही, आजतागायत नाही. खरं सांगायचं तर कुणी चालवलं याची मला आता फारशी फिकीरही नाही. मला आठवतात ती दोन मिनिटं. ज्या रीतीवर माझा विश्वास नव्हता, तिच्यासाठी मी ती नाकारली. पाहुण्यांची पानं वेळेवर वाढली जावीत म्हणून.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमचे बाबा विमानाने नागपूर आणि तिथून गाडीने पोचले. मग विचारलं, "आई, चाललं का ते शेवटी?"

"हो. चाललं."

"बाबांनी ऐकलं?"

मी त्या प्रश्नालाही हो म्हटलं. पहिल्या उत्तराला प्लगच्या काजळीचा तरी आधार होता. दुसऱ्याला माझ्याकडे काहीच नाही.

— आजी