तो खडक मी पुसणार नाही

माझं काम नकाशा काढायचं आहे, पुसायचं नाही. एवढी साधी गोष्ट साहेबांच्या गळी उतरवताना माझा घसा बसला, पण ती काही उतरली नाही.

आमचं हैदराबादचं ऑफिस उपग्रहाच्या चित्रांवरून अंटार्क्टिकाचे नकाशे बनवतं. तिथे अख्खे डोंगर बर्फात गाडलेले आहेत, त्यांची टोकं तेवढी वर डोकावतात. अशा टोकाला नुनाताक म्हणतात. संगणक आधी खडक वेगळे काढतो, मग आम्ही एकेक तपासतो आणि शेवटी नकाशाखाली सही करतो. तिथला सूर्य उन्हाळ्यातही फार वर चढत नाही, सावल्या लांबलचक पडतात आणि संगणकाची गल्लत होते. यंदा त्याने एक छोटा खडक सावली ठरवून उडवला.

नेमका माझा खडक. पूर्वी एका मोहिमेत मी तिथे जाऊन आले होते. त्याच्या कपारींत पांढरे पक्षी घरटी करतात. समुद्रापासून इतक्या आत येतात, कारण अंडी घालायला उघडा दगड जवळपास दुसरा नाहीच. मी जरा जवळ गेले, तर एकाने पोटातलं तेल थेट माझ्या जॅकेटवर उडवलं. अंबरपेठला घरी आले तेव्हा आईने दारातच अडवलं. "हे आत आणू नक्को. पहिले गॅलरीत टांग." तीनदा धुतलं तरी वास गेला नाही. सावलीच्या अंगाला असा वास येत नाही, हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले.

साहेब पुण्याहून नवीनच आलेले, माझ्याहून लहान, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनिक होताय. एवढ्याशा ठिपक्याने काय बिघडतं?"

माझं डोकंच फिरलं. सरकणारा बर्फ खडकाला अडतो आणि तडकतो. वारा खडकाला वळसा घालताना पायथ्याशी खळगा कोरतो, गाडी गडप होईल एवढा. वर बर्फ उडायला लागला की समोरचं काही दिसत नाही. माणसं नकाशाच्या भरवशावरच जातात. मी त्यांच्या टेबलावर एकाच दिवसाची, वेगवेगळ्या वेळांची चित्रं मांडली. सावल्या सूर्याबरोबर फिरल्या होत्या. हा ठिपका जागचा हलला नव्हता.

"हो, दिसतंय खरं," ते म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दुरुस्ती करायची म्हणजे सगळी तपासणी पहिल्यापासून, आणि नकाशा छपाईला द्यायचा दिवस उद्यावर आलेला. मी सही केली नाही. दुसऱ्याने केली.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. नव्या मोहिमेची बैठक आमच्याच सभागृहात होती. मी छापील नकाशावर लाल पेनाने खडक काढला, भोवती धोक्याचा पट्टा आखला, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि साहेबांच्या देखत तो बर्फावरची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिला. तो आमच्याच जुन्या शहरातला. त्याने कागद निरखून पाहिला.

"मॅडम, पक्का बोलरे ना? मेरे पीछे चार आदमी बैठते."

"पक्का, भाई. उसके ऊपर खडी हुई मैं."

त्याने नकाशाची घडी घालून आतल्या खिशात ठेवली. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो अगदी निवांत पाहिला.

चार दिवसांनी मेमो आला. अधिकृत नकाशात विनापरवानगी फेरफार का केला, याचा लेखी खुलासा द्या. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, माफी मागून मोकळी हो, असं शेजारच्या टेबलावरून दोघांनी सुचवलं. खोटं कशाला सांगू, भीती वाटलीच. नोकरी गेली तर काय, हा विचार दुपारभर डोक्यात होता.

मग खुलाशासाठी घेतलेल्या कोऱ्या पानावर मी एकच ओळ लिहिली: तिथे डोंगर आहे. आणि त्याखाली सही केली.