गॅसच्या घरात राख

दीपा वरठाला साठाव्या वर्षी चार गोष्टी एकाच ठिकाणी हव्या होत्या. चोवीस तास पाणी, न जाणारी वीज, लिफ्ट आणि आपली माणसं. पहिल्या तीन पालघरात पैसे टाकले की कुठेही मिळत होत्या. चौथी मिळायची ती बोईसरच्या पूर्वेला पाड्यावर, भावाच्या घराशेजारी, आणि तिथे पहिल्या तिन्हींच्या नावानं शंख होता. हे काय फार मागणं झालं? पण दोन वर्षं ती हेच मागत वणवण फिरत होती.

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत तिनं चौतीस वर्षं काढली. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे, संध्याकाळी क्वार्टरवर यायचं. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. वडील गेल्यावर आई, बायडी, तिच्याकडे राहायला आली. वसाहतीत लोक आंध्राचे, बंगालचे, विदर्भाचे, सगळे रेल्वेनं आलेले. आणि जिचा पाडा तिथून तासाभराच्या अंतरावर, तिलाच दर नवीन शेजारीण विचारायची, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" दीपा खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवायची. शेजारणीला वाटायचं, बाई थट्टा करतेय.

आता निवृत्ती झाली होती आणि क्वार्टर दिवाळीआधी सोडायचं होतं. बायडीचे गुडघे गेलेले. दवाखाना जवळ हवा, जिना नको. पण या सगळ्यापेक्षा दीपाला एकच गोष्ट हवी होती. आई ज्या दारातून आत जाईल, तिथे तिला कोणी "कोणाकडे कामाला?" असं विचारता कामा नये. एवढ्यासाठीच तिला आपल्या माणसांची वस्ती हवी होती. तीही चांगली, बागेची, फाटकाची. इतरांच्या अशा वस्त्या ढिगानं आहेत. गुजरात्यांची सोसायटी आहे, मासे शिजवू न देणाऱ्यांची आहे, एकाच जिल्ह्यातून आलेल्यांची आहे. शिकल्यासवरलेल्या वारल्यांची का नसावी?

तिनं वही केली. आदिवासी नोकरदारांच्या मंडळाच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, "शिरगावच्या रस्त्याला आपल्यातल्याच वामनची जमीन आहे. आदिवासीची जमीन आदिवासीनंच घ्यावी असा कायदाच आहे, म्हणजे दुसरा कोणी मध्ये तडमडणार नाही. पंधरा घरं बांधू. कोण येतं?" टाळ्या पडल्या. पहिली सही डॉक्टर इंद्रजीत सांबरेनं केली, तीही उभं राहून. "दीपाताई, हे तर वीस वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं," असंही म्हणाला. मागोमाग बँकेतली प्रियदर्शिनी, तहसीलातला धीरज. चौदा सह्या झाल्या.

जागा बघायला रविवारी सकाळी दहाला जमायचं ठरलं. साडेअकरा वाजले तरी त्या मोकळ्या रानात दीपा, खुर्चीवर बसलेली बायडी, वामन आणि वामनच्या बायकोनं सगळ्यांसाठी केलेला पातेलंभर चहा, एवढेच होते. एकाच्या मुलाची परीक्षा निघाली, एकाचे सासरे पडले, इंद्रजीतला तातडीचा पेशंट. बायडी म्हणाली, "शिकलेल्यांना लय कामं असतात गं."

"गप बस, आये."

"मी गपच हाय. चहा थंड होतो."

त्यानंतर दीपानं तीन वेळा तारीख ठरवली, तीन वेळा तेच. शेवटी वही कपाटात टाकली आणि दर्पण नावाच्या एजंटला फोन केला.

दर्पण तरुण, गोडबोल्या, अंगाला अत्तर. त्यानं पहिल्या दिवशी तीन फ्लॅट फोनवर पक्के केले आणि नाव सांगितल्यावर तिन्ही संध्याकाळपर्यंत "आत्ताच गेले". चौथ्या वेळी तो अडखळत म्हणाला, "मॅडम, मालकाला नुसतं दीपा मॅडम, सायंटिस्ट, असं सांगू का? आडनाव व्यवहाराच्या वेळी बघू."

"मी सायंटिस्ट नाही. पाणी तपासायची. आणि आडनाव वरठा. आधीच सांग. ज्याला नको असेल त्याच्या घराचे जिने मी कशाला चढू?"

"तुमचा स्वभाव कडक आहे, मॅडम."

"घर मऊ स्वभावावर मिळतं का? मग दाखव."

असं करत करत तो त्यांना स्टेशनच्या पश्चिमेला एका नव्या चौदा मजली इमारतीत घेऊन आला. इथल्या फ्लॅटचा मालक परदेशात होता, त्याला विकण्याची घाई होती, आडनावाशी घेणंदेणं नव्हतं. तळमजल्याला संगमरवर, कुंड्या आणि भिंतभर वारली चित्र. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर. बायडी काठी टेकून चित्रापुढे उभी राहिली.

"ह्ये कोणी काडलं?"

"मुंबईचा डिझायनर आहे, आजी," दर्पण कौतुकानं म्हणाला.

"त्याला सांग, तारप्याला पाठ दाखवून आमी नाचत नाय. सगळे उलटे केलेत मेल्यानं."

दर्पण हसला. तेवढ्यात वॉचमन आला. दीपाच्या सुती साडीकडे आणि पर्सकडे त्यानं बघितलं, मग बायडीच्या गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्याकडे. आणि अगदी नम्रपणे, हात दाखवून म्हणाला, "माताजी, कामवालों की लिफ्ट उधर पीछे से है."

दीपाची कानशिलं तापली. हेच. हेच टाळायला दोन वर्षं. तिनं तोंड उघडलं, पण बायडी मागच्या लिफ्टकडे केव्हाच चालू लागली होती. "लिफ्ट ती लिफ्ट. चल," म्हणाली. दीपा तिच्यामागे धावली.

मागच्या लिफ्टमध्ये एक पाटी चिकटवलेली होती. 'सर्व सभासदांना सूचना. चौथ्या मजल्याचा सांडपाण्याचा पाइप वारंवार तुंबतो. पाइपमध्ये राख सापडली आहे. संबंधितांनी सिंकमध्ये राख टाकू नये.' दीपानं ती आईला वाचून दाखवली, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

बायडीनं तिच्याकडे बघितलं. "हितं चुली हायत?"

"नाहीत. सगळ्यांकडे गॅसची पाइपलाइन."

"मंग राख कशाला लागते?"

 दीपाला उत्तर माहीत होतं. तो करांद्यांचा, म्हणजे रानातल्या कंदांचा, हंगाम होता. कडू करांदे राख घालून उकडायचे, मग पाणी बदलत बदलत धुवायचे, तेव्हा कडूपणा जातो. गॅसच्या घरात गावाहून पिशवी भरून राख आणणारी माणसं या जिल्ह्यात दुसरी कोण असणार?

चौथ्या मजल्यावर दर्पण फ्लॅटचं कुलूप काढत होता. बायडीनं मात्र समोरच्या दाराशी नाक नेलं आणि सरळ बेल दाबली. दारावर पितळी पाटी होती, 'डॉ. इंद्रजीत एस.'

दार डॉक्टर इंद्रजीत सांबरेनंच उघडलं. वहीतली पहिली सही. दीपाला बघून त्याचा चेहरा असा झाला की जणू पेशंटच्या ऐवजी त्याचाच रिपोर्ट आला.

"ताई! तुम्ही इथं?"

"घर बघतेय. तू?"

"आम्ही... दीड वर्ष झालं."

दीड वर्ष. सही करून आठ महिने झाले होते. म्हणजे उभं राहून सही केली तेव्हाही हा इथंच राहत होता.

बायडी तोवर आत शिरून स्वयंपाकघरात पोचली होती. तिथं इंद्रजीतची आई, चिमी, जमिनीवर बसून करांदे सोलत होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे पाडे विचारले, एक चुलत नातं दोन मिनिटांत काढलं आणि बायडी गुडघे विसरून तिच्याशेजारी बसली.

बाहेर दारातच इंद्रजीत हळू आवाजात बोलत होता. "ताई, रागावू नका. आधीचं भाड्याचं घर आडनाव कळल्यावर हातचं गेलं होतं. बायको सात महिन्यांची पोटुशी होती. इथं कोणाला माहीत नाही. माझे निम्मे पेशंट याच इमारतीतले आहेत."

"आणि आईचं काय सांगितलंस?"

 स्वयंपाकघरातून चिमीनंच उत्तर दिलं, करांद्यावरची नजर न काढता. "गावची बाई हाय, जेवण करते. मागच्या लिफ्टनं येते जाते. मला काय, लिफ्ट चढते नं."

दीपाला एरवी शब्द शोधावा लागत नाही. त्या दिवशी लागला. ती नुसतीच म्हणाली, "डॉक्टर, तू आईला चित्रातल्यासारखं उलटं उभं केलंस." आणि ती पुढच्या लिफ्टनं खाली गेली.

तळमजल्यावर सभासदांच्या नावांचा फलक होता. मघाशी तिनं तो बघितला नव्हता. आता चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. शहा, मिश्रा, नायर, पाटील, सगळे आडनावासकट. अधेमधे पाच नावं मात्र अर्धवट होती. इंद्रजीत एस., प्रियदर्शिनी के., धीरज बी. आणि आणखी दोन. पाचही वहीत होती. चौदातली पाच घरं याच छताखाली, वर खाली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच इथं निसटून आलो. बागेची, फाटकाची, लिफ्टची आपली वस्ती ती दोन वर्षं शोधत होती. ती तयारच होती, आणि तिच्यात राहणाऱ्यांनीच ती लपवून ठेवली होती. तिला एवढा संताप आला की कुंडीला लाथ मारावीशी वाटली. कुंडी संगमरवरी होती, म्हणून पाय आवरला.

"मॅडम, नाही ना आवडला?" दर्पणनं विचारलं. "मला वाटलंच, वॉचमनचं ते..."

"घेतला."

"काय?"

"फ्लॅट घेतला. आणि वॉचमनला बोलाव, त्याला माझ्या आईचं तोंड नीट दाखवते."

दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीच्या आधी चार दिवस सामान आलं. त्याच्याही आधी दारावर पाटी लागली, सुतारानं लाकडात कोरलेली, हातभर लांब. 'बायडी देवजी वरठा, दीपा देवजी वरठा.' तळमजल्याच्या फलकावर नाव लिहिताना सेक्रेटरीनं विचारलं, "दीपा व्ही. चालेल?" दीपानं त्याच्या हातातून पेन घेऊन स्वतःच लिहिलं.

वाघबारशीचं जेवण तिनं पाचही घरांना सांगितलं. पाच पाकिटं, प्रत्येकावर पूर्ण आडनाव, दाराच्या फटीतून आत. चवळी शिजवली, काकडीचे पानगे वाफवले, करांदे चिमीनं उकडून दिले. वेळ सातची. सात वाजले, सव्वासात झाले. दीपा दार उघडं टाकून उभी होती. तिला शिरगावच्या रस्त्यावरचा तो पातेलंभर चहा आठवत होता.

साडेसातला पुढची लिफ्ट उघडली आणि चार म्हाताऱ्या बाहेर आल्या. लुगडी गुडघ्यापर्यंत, आणि सगळ्यांना गोळा करायला गेलेली समोरची चिमी सगळ्यात पुढे. "पोरांना कामं हायत," ती म्हणाली. कोणाच्याही पोराचं, सुनेचं, लेकीचं त्या दिवशी तिच्या दारात पाऊल वाजलं नाही. धीरज जिन्यानं उतरताना दिसला, वर न बघता.

म्हाताऱ्या दहापर्यंत खळखळून हसत होत्या. दीपा वाढत होती आणि मनातल्या मनात पाचही जणांना शिव्या घालत होती. आईला आता कोणी "कोणाकडे कामाला?" असं विचारणार नव्हतं, हे खरं. पण आयांना पाठवून स्वतः दाराआड बसणाऱ्यांच्या वस्तीला ती आपली वस्ती म्हणायला तयार नव्हती. अजून नाही.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी कबुलीची सही मागणारी नोटीस घेऊन आला. पाइप पुन्हा तुंबला होता, राखेनं. पाचही दारं सोडून तो थेट तिच्याकडे आला होता.

"मॅडम, तुम्हीच असणार ना?"

समोरच्या दाराची साखळी आतून हळूच लागल्याचा आवाज दीपानं ऐकला. तिनं त्या दाराकडे बघितलं, पुरेसा वेळ बघितलं. दार उघडलं नाही.

"आणा इकडे," ती म्हणाली, आणि नोटिशीखाली पूर्ण नावानं सही केली.