उलाळलेला नवरदेव

माझ्या लग्नाला नवरदेव आणि डायव्हर असे दोघेही एकाच बाशिंगाखाली बसून गेले. (दोघेही मीच.)

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचा वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होता आणि आमचं घर रिठदला. भाजीपाल्याची बाग होती. वांगी-कोबी बाजारात न्यायला काकांनी कुठल्याशा लिलावातून एक जुनी जीप आणली, अकोल्याला नेऊन तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं आणि मागचा भाग कापून तिथे लोखंडी डाला ठोकला. आजची पोरं तिला पिकअप म्हणतील. आम्ही नुसतं ‘मोटार’ म्हणायचो, कारण गावात दुसरी नव्हतीच. सुरू झाली की ती आधी खोकायची, मग थरथरायची आणि सगळं गाव धुरात घालून मग हलायची.

माझं लग्न किन्हीराजाच्या शांताशी ठरलं. ठरताना मुलीच्या आईनं एकच अट घातली. तिच्या सख्ख्या बहिणीचा पाय बंडी उलटून मोडला होता, तेव्हापासून त्या बाईनं बैलबंडीचं नाव टाकलेलं.

“माही लेक मोटारीतच जाईन,” त्या म्हणाल्या. “दारात बंडी दिसली तं वऱ्हाड आल्या पावली वापस!”

“बंडी?” काका मोठ्यानं हसले. “इहीणबाई, एकूण एक वऱ्हाडी मोटारीतच आणतो. जबान देली!”

जबान दिल्यावर काकांच्या लक्षात आलं की मोटारीत बसतात चार माणसं आणि आमची भावकी म्हणजे अर्धं रिठद.

काका असे हार मानणारे नव्हते. सडकेच्या एका ठेकेदाराकडून त्यांनी ट्रेलर मागून आणला. आमच्या ओसरीपेक्षा लांब, मध्ये दोन प्रचंड चाकं, आणि पुढचा दांडा बगळ्याच्या मानेसारखा वर जाऊन खाली वाकलेला. हा दांडा साध्या हुकाला लागत नव्हता. तो मोटारीच्या डाल्यात, बरोबर मागच्या चाकांच्या वर टेकायचा. म्हणून काकांनी डाल्याच्या मधोमध जाड पत्र्याची बैठक वेल्डिंग करून घेतली आणि तिच्यात मनगटाएवढी खीळ बसवली. मोटारीच्या कमानींना, म्हणजे स्प्रिंगांना, जादा पाटे घातले. मागचं दिसावं म्हणून आईचा कुंकू लावायचा आरसा तारेनं बाहेर बांधला. (त्यात मला माझंच भेदरलेलं तोंड दिसायचं. ट्रेलर एकदाही दिसला नाही.) माझ्या बाजूच्या दाराची कडी लागत नव्हती. बाबा म्हणाले, “नवरदेव वळणावर सांडला तं?” आणि ते दारही त्यांनी बाहेरून तारेचे पाच-सहा वेढे देऊन पक्कं करायचं ठरवलं.

बाबा म्हणजे आयुष्यभर बैलांत राहिलेला माणूस. त्यांनी डाल्यात चढून ती वेल्डिंग हातानं चाचपली आणि त्यांचा चेहरा पडला.

“भाऊ, याचा खांदा कच्चा हाये गा.”

“दादा, हे लोखंड हाये. बैल नाई!” काका म्हणाले.

“लोखंडाले जीव नसते काय? ताजा टाका हाये. दुखत असन.”

मग घरातून वाटीत तूप आणि हळद आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात तसा बाबांनी मोटारीचा खांदा तूप-हळदीनं मायेनं चोळला. मोटारीला माझ्याआधी हळद लागली! वरून तिला म्हणाले, “उद्या जरा सांभाळून घेजो, बाई.” मला तसं कोणीच म्हणालं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी वाशीमहून बोलावलेला डायव्हर आला. त्यानं ट्रेलरला एक फेरी मारली. वाकून खीळ पाहिली, खिळीवरची हळद पाहिली आणि टोपी डोक्यावर घातली.

“मले बायको-पोरं हायेत,” तो म्हणाला आणि आला त्या वाटेनं चालू पडला.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. वांगी घेऊन मोटार रिसोडला न्यायचो तो मीच. पण वांगी ओरडत नाहीत, आणि त्यांच्यात आत्या नसते!

“बाबा, मी तं नवरदेव!” मी घाबरून म्हणालो.

“मंग बरंच हाये ना,” बाबा म्हणाले. “तुले अजून बायको-पोरं कुठं हायेत?”

मला बाशिंग बांधून आत चढवलं आणि बाबांनी दाराला तारेचे वेढे दिले. शेजारच्या जागेवर शालूची ट्रंक आणि आहेराची बोचकी छतापर्यंत रचली, त्यामुळे ते दारही गेलं. एवढ्यात आई धावत आली. तिच्या हातात कट्यार. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातातून लोखंड सुटता कामा नये, नाहीतर बाहेरचं काही लागतं.

“अवं माय, एक हात स्टेरिंगले, एक गियरले. कट्यारीले तिसरा कुठून आणू?”

आई अडली. पण मागून आमच्या अन्साआत्या आल्या. अन्साआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. देह आणि आवाज दोन्ही भरघोस, आणि शास्त्रार्थात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

“हा दांडा कायचा हाये?”

“गियरचा. लोखंडाचा.”

“मंग धर तोच! अन् सोडजो नोको. हात सुटला तं मी जबाबदार नाई!”

आता मला भूतबाधेचीही भीती वाटायला लागली. गियर बदलायचा तरी भीती, न बदलायचा तरी भीती.

मागे बाबा वऱ्हाड भरत होते. खांदा सुजलेल्या बैलाला बंडीला जुंपायचं झालं तर शहाणा माणूस माल मागच्या बाजूला सारतो, म्हणजे जू हलकं राहतं. बाबांनी तेच केलं. पुढे मानेजवळ फक्त काका आणि दोन-तीन सुकलेले म्हातारे. मधली जागा मोकळी, कारण सुना सासऱ्या-भासऱ्यांच्या (म्हणजे थोरल्या दिरांच्या) पुढ्यात बसणार नाहीत. मागे सगळ्या बायका, त्यांच्या मागे स्वयंपाकाची तांब्या-पितळेची भांडी, आणि अगदी शेवटी, फळीला टेकून, अन्साआत्या.

“वाहवा!” बाबा मोटारीच्या खांद्यावरून हात फिरवत म्हणाले. “पाह्य, भारच नाई आता त्याच्यावर. फुलावानी हलकं!”

बाबा डाल्यातच, खिळीशेजारी बसले आणि आम्ही निघालो. सपाट सडकेवर मोटार खरंच फुलासारखी चालत होती आणि त्याच गोष्टीनं माझा जीव जात होता. मागची चाकं रस्त्याला नुसती गुदगुल्या करत होती. मी स्टेरिंग डावीकडे वळवावं, मोटारीनं जरा विचार करावा, आणि ट्रेलरनं मागून उजवीकडे शेपूट हलवावं. आमच्या भागातलं मालेगाव गेलं तोवर मी माहीत असलेले सगळे देव संपवून शेजारच्या गावांतले घेतले होते. मागे बायका गाणी म्हणत होत्या.

किन्हीराजाच्या अलीकडे एक नाला लागतो. आधी उतार, मग रपटा म्हणजे बुटका फरशीपूल, मग गावाकडे चढ. पलीकडच्या काठावर मुलीकडची मंडळी डफडे-सनई घेऊन उभी होती. उतारावर ट्रेलरनं मला असं ढकललं की ब्रेकवर मी दोन्ही पायांनी उभा राहिलो. रपटा पार झाला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मोटार चढाला लागली.

चढावर जे व्हायचं ते झालं. आधी भांडी सरकली. मग बायका सरकल्या. मग सगळं जाऊन अन्साआत्यांवर थांबलं. ट्रेलरचं शेपूट दाणकन जमिनीवर टेकलं, बगळ्याची मान वर उठली, आणि खीळ पक्की असल्यामुळे मान एकटी गेली नाही. मोटारीचा पार्श्वभाग सोबत घेऊन गेली!

मी पुढे काचेवर आदळलो. बाशिंग नाकावर आलं. मागची चाकं हवेत भणाणत होती, कारण माझा पाय एक्सलेटरवर थिजला होता. पुढची दोन चाकं टेकलेली, मागची दोन अधांतरी, आणि खाली दगडांनी भरलेला नाला. एका हातात गियरचा दांडा, जो सोडायचा नाही. मला त्या क्षणी मरण दिसलं. ते आईच्या आरशात दिसलं, आणि माझ्यासारखंच दिसत होतं.

“उलाळली! उलाळली वं माय!” मागे एकच कल्ला झाला. एका मावशीनं खाली उडी मारली. तिच्या वजनापुरती मोटार गचकन खाली आली आणि पुन्हा डुलायला लागली.

“कोनी उतरू नोका!” काका ओरडले. “सगळे एकदम उतरले तं पोट्टं दाणकन खाली आपटन!”

आता माझा जीव कोणाच्या उतरण्या-बसण्यावर टांगलेला होता ते सगळ्यांना कळलं. मी आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. हात खिडकीबाहेर काढून दाराकडे दाखवत होतो. पण डिझेलच्या गर्जनेत एक अक्षर कोणाला ऐकू जात नसावं, आणि पलीकडचे वाजंत्री तर वऱ्हाड आलं म्हणून आणखी जोरात वाजवत होते.

पलीकडून माझी होणारी सासू ओरडली, “म्या म्हटलं होतं, बंडी नोका आणू!”

“इहीणबाई, बंडी नाई, मोटारच हाये!” काका ट्रेलरच्या टोकावरून, आभाळाजवळून ओरडले.

“मंग उलाळली कशी?”

तेवढ्यात बाबांना बंडीची विद्या आठवली. बंडी उलाळली, म्हणजे मागे कलून तिचं जू वर गेलं, तर माणसं उतरवत नाहीत, हळूहळू पुढे सारतात.

“एकेक करून पुढे या! सावकाश! सूनबाई, सरका!”

सुना हलेनात. पुढे सासरे आणि भासरे. डोक्यावरचा पदर सांभाळत, त्यांच्या अंगावरून, मांडीला मांडी लावून बसायचं? रिठदच्या इतिहासात असं झालं नव्हतं.

“अवं, त्याचा जीव चालला!” बाबा.

“मामाजी पुढे हायेत ना,” थोरली वहिनी सासऱ्यांबद्दल पदराआडून म्हणाली.

शेवटी अन्साआत्या गरजल्या, “भासरे हो, डोये मिटा! सुना येऊन राह्यल्या!”

म्हाताऱ्यांनी डोळे गच्च मिटले. एकेक सून रांगत पुढे गेली. एकेक गेली की मोटार वीतभर खाली यायची आणि माझं काळीज वीतभर वर जायचं. सगळ्यांत शेवटी अन्साआत्या निघाल्या. चढावर, चार पायांवर, वाटेतली भांडी बाजूला सारत. मध्येच थांबून विचारलं, “लोखंड सोडलं तं नाई ना, रे?” आणि त्या मानेशी पोचून बसल्या.

मोटारीची चाकं सडकेला टेकली. आता खांद्यावर सगळ्या भावकीचा भार आणि माझा पाय अजून एक्सलेटरवर तसाच! मोटार चौखूर उधळली, चढ चढली, वाजंत्री दोन्ही बाजूंना पांगले, आणि मी मुलीकडच्यांच्या मांडवाच्या पहिल्या खांबाला नमस्कार करूनच थांबलो.

वाजंत्री थांबले. सासूबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या.

“या माणसाच्या मोटारीत माही लेक जाईन नाई,” त्या म्हणाल्या.

बाबांची मान खाली गेली. काका वाकून खीळ तपासायला लागले. ट्रेलरवरून उतरलेल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. वऱ्हाड आता परत जाणार हे मला स्पष्ट दिसायला लागलं, आणि गंमत म्हणजे मघापेक्षा ही भीती मोठी होती. शांताला मी एकदाच पाहिलं होतं, पोह्यांच्या बशीपलीकडे. पण ती मला फार आवडली होती.

तेवढ्यात मांडवातून तिची मैत्रीण आली आणि सासूबाईंच्या कानाला लागली. शांतानं माडीच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तिचा निरोप होता, “मोटार उलटून राह्यली होती तरी हा माणूस जागचा हलला नाई. उडी टाकून पयाला नाई. हात दाखवून मागच्यायले धीर देऊन राह्यला होता. असा नवरा आई तुले दुसरा कुठं भेटन?”

सासूबाईंनी माझ्याकडे नव्यानं पाहिलं. मग ओवाळणीचं ताट मागवलं. बाबांचे डोळे भरून आले. मी बाशिंग सरळ केलं आणि जमेल तेवढा शूर चेहरा केला.

लग्न लागलं. परत निघताना ट्रंक-बोचकी ट्रेलरमध्ये गेली आणि शांता माझ्या शेजारी बसली. या वेळी मानेजवळ अन्साआत्या आधीच बसल्या होत्या. सगळं झालं आणि बाबा माझ्या दाराशी आले. हातात तार.

“कायले?” मी हळूच म्हटलं. “राहू द्या ना, बाबा.”

“वा रे वा! येतानी तं पाच वेढे देल्ले होते,” बाबा मोठ्यानं म्हणाले. “सुटले नाई म्हणून वाचला. नाल्यात ‘दार उघडा, दार उघडा’ करून कसा बोंबलत होता! म्या तं ऐकलं ना.”

शांतानं तारेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर पाहायला लागली आणि तिचे खांदे रिठद येईपर्यंत हलत होते.

आता नातवंडं झाली. त्यांना मी अधूनमधून धैर्याच्या चार गोष्टी सांगतो, संकटात माणसानं जागा सोडू नये वगैरे. शांता आतून ऐकत असते. माझं बोलणं रंगात आलं की ती स्वयंपाकघरातून विचारते, “अवो, तार कोन्या बाजूनं बांधली होती?”