हाफटाइमनंतर झाड तुमचं

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमने गोल कमी केले आणि किस्से जास्त. गोल विसरले गेले, किस्से मात्र वाढत राहिले. वर्ध्याच्या बाजारात दोन जुने खेळाडू भेटले आणि चहा सांगितला की एखादा नवा किस्सा निघतोच, आणि तो घडला तेव्हा आपण तिथे हजर होतो, हे दोघांनाही त्याच दिवशी आठवतं. मी सांगतोय ते मात्र सगळे पन्नासच्या दशकातल्या एकाच वर्षाचे आहेत. मी त्या टीमचा लेफ्ट हाफ होतो. त्यामुळे निम्मे किस्से मी समोरून पाहिले आणि उरलेले धापा टाकत मागून येताना.

त्या वर्षी कॉलेज सुरू झालं आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं. विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही दरवर्षी पहिलीच मॅच हरून परत यायचो. साहेब शांतपणे म्हणाले, "यंदाही पहिली मॅच हरलात तर फुटबॉल बंद. त्या मैदानावर कपाशी लावतो. काळी जमीन आहे, निदान कापूस तरी येईल."

आम्ही बाहेर आलो तेव्हा कोणी हसलं नाही. साहेब थट्टा करत नसत, आणि जमीन खरंच चांगली होती.

* * *

टीम सांभाळायला आम्हाला आगाशे सर मिळाले. पुण्याहून नवेच आलेले, अर्थशास्त्र शिकवणारे. तरुणपणी थोडा खोखो खेळले होते, तेवढ्यावर त्यांच्या गळ्यात फुटबॉल पडला. माणूस मात्र पद्धतशीर. पहिले काही दिवस मैदानाच्या कडेला छत्री घेऊन नुसते उभे राहिले. मग एका दुपारी आम्हाला वर्गात बसवून त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे 'बलस्थाने', दुसरीकडे 'उणिवा'.

बलस्थानांखाली त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'भूक चांगली.' उणिवांखाली खडू भराभर चालला. 'गोलकीपर: गाडी. फुलबॅक: सौजन्य. कॅप्टन: घासाघीस. राइट आउट: झाड. लेफ्ट हाफ: दम.'

पुढच्या तासाला फळा पुसायचा राहिला. पहिल्या वर्षाची मुलं आली आणि सरांच्याच हातचं अक्षर पाहून त्यांनी ते सगळं निमूटपणे उतरवून घेतलं. सहामाही परीक्षेत प्रश्न आला, 'भारतीय उद्योगांच्या प्रमुख उणिवा सांगा.' एका मुलाने लिहिलं, 'गाडी, सौजन्य, घासाघीस, झाड आणि दम.'

सरांनी त्याला निम्मे मार्क दिले. म्हणाले, "तसं अगदीच चूक म्हणता येत नाही."

* * *

गोलकीपर वामन सिंदीचा. रोज रेल्वेने यायचा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत जायचा. ती चुकली तर स्टेशनच्या बाकावर झोपावं लागे, म्हणून त्याचे कान कायम रुळांकडे. चेंडू अडवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कोणी नव्हता. फक्त इंजिनची शिटी वाजली की तो गोल सोडून निघायचा.

एकदा गावातल्या क्लबाबरोबर आमची मॅच लागली. खेळ रंगात आला होता. समोरच्या फॉरवर्डने लांबून सहज म्हणून चेंडू मारला, आणि तो हळूहळू घरंगळत आमच्या गोलात गेला. अडवायला कोणी नव्हतं. वामन बगलेत कपडे धरून कुंपण ओलांडत होता.

सर ओरडले, "वामन, कुठे चाललास?"

वामनने जाता जाता समजूत घातली. "सर, गोल तं उद्याही इथंच राहीन. गाडी नाई राहात."

* * *

आंजीचा नारायण आमचा फुलबॅक. घरी शेती, अंगाने बैलासारखा, स्वभावाने गाईसारखा. त्याच्याशी टक्कर झाली की समोरचा आडवा व्हायचा. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग नारायण खेळ सोडून त्याच्याजवळ बसायचा, त्याला हाताने उठवायचा, अंगावरची माती झाडायचा आणि विचारायचा, "लागलं काय भाऊ? कोनत्या गावचा तू?" तोवर चेंडू आमच्या गोलात गेलेला असायचा.

सरांनी त्याला बाजूला घेऊन ताकीद दिली. "खेळ चालू असताना कोणाची विचारपूस करायची नाही. समजलं?"

"हाव सर."

पुढच्या मॅचला नारायणने खरंच कोणाकडे वळूनही पाहिलं नाही. खेळणारी माणसं गवतासारखी आडवी होत गेली. सर खूश झाले. मॅच संपली, आणि नारायण कुठे दिसेना. शोधत गेलो तर तो समोरच्या टीमच्या तंबूत बसला होता. ज्यांना ज्यांना पाडलं होतं त्यांना ओळीने बसवून एकेकाच्या गुडघ्याला हळद लावत होता.

"खेळ संपला ना सर," तो म्हणाला.

* * *

बुटांची गोष्ट छोटीच आहे. आम्ही सगळे अनवाणी खेळायचो. सरांनी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मागे लागून बूट आणवले. नवे कोरे, करकर वाजणारे. आम्ही ते घालून बाजारात फिरलो, कोणी सिनेमाला गेलं, नारायणने तर चुलतभावाच्या लग्नात घातले आणि नवरदेवापेक्षा त्याच्याच पायांकडे जास्त लोक पाहत होते म्हणे. मैदानावर मात्र आम्ही पुन्हा अनवाणीच उतरलो.

सरांनी विचारलं, "अरे, बूट कुठे आहेत?"

आम्हाला प्रश्नच कळेना. कॅप्टन म्हणाला, "खेळात घातले तं खराब नाई होनार काय सर?"

* * *

कॅप्टन गुलाब देवळीचा, कापडाच्या दुकानदाराचा मुलगा. आमचा सेंटर फॉरवर्ड. गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, हे त्याच्या रक्तातच होतं. रेफ्रीने फ्री किक दिली की हा चेंडू उचलून चार पावलं पुढे ठेवायचा. रेफ्री मागे न्यायला सांगायचा. "बरं, तुमचंही नको, माझंही नको," म्हणून गुलाब दोन पावलं मागे यायचा, आणि रेफ्रीला आपणच जिंकलो असं वाटायचं.

त्याची खरी कसोटी झाली ती झाडापायी. आमचं मैदान पूर्वी शेत होतं आणि मैदानात एक कडुनिंब होता. मैदानाच्या कडेला नाही, आत. पूर्वेच्या गोलकडे जाताना उजव्या हाताला, लाइनीच्या चांगलाच आत तो ऐसपैस उभा होता. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. चेंडू झाडाला लागला तर खेळ चालू, असा आमचा नियमच होता.

हिंगणघाटची एक टीम पहिल्यांदाच आमच्याकडे खेळायला आली. त्यांचा फुलबॅक चेंडूवर नजर ठेवून उलटा पळत आला आणि पाठीने थेट बुंध्यावर आदळला. त्यांचा कॅप्टन तणतणत रेफ्रीकडे गेला. "साहेब, आमी अकरा आहो. यांचे बारा खेळाडू आहेत."

रेफ्री गोंधळला. मॅच रद्द होते की काय अशी वेळ आली. तेव्हा गुलाबने त्या कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुकानातल्या आवाजात म्हणाला, "काऊन भांडून राह्यले भाऊ? हाफटाइमनंतर झाड तुमचंच आहे."

हिंगणघाटच्या कॅप्टनने थोडा विचार केला आणि चक्क मान्य केलं.

* * *

आता सुखदेवबद्दल सांगायला हवं. सुखदेव मडावी, आमचा राइट आउट. होस्टेलवर राहायचा, बोलायचा कमी, पळायचा हरणासारखा. आम्ही गोल मारण्याचा सराव नेहमी पूर्वेच्या गोलवर करायचो, कारण दुसऱ्या गोलमागे कापसाच्या बैलबंड्या उभ्या असत. त्यामुळे सुखदेव रोज उजव्या बाजूने सुसाट यायचा, कडुनिंबापाशी बाहेर वळायचा, त्याला अर्धा वळसा घालून पुन्हा आत शिरायचा आणि गोल मारायचा. सगळं एका दमात. डोळ्यांना फार बरं वाटायचं.

सराव म्हणून सरांनी आम्हाला एकदा पुलगावला नेलं. तिथलं मैदान सपाट आणि मोकळं. सुखदेवला चेंडू मिळाला, तो सुसाट निघाला, समोर कोणी नाही, नुसतं सरळ जायचं. आणि नेमक्या त्याच जागी तो बाहेर वळला, नसलेल्या झाडाला वळसा घालायला लागला आणि चेंडूसकट लाइनीबाहेर गेला. पुलगावचे लोक पोट धरून हसले. आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत सरांनी विचारलं, "सुखदेव, तिथे झाड होतं का?"

"नाई सर."

"मग वळलास का?"

"मले दिसते ना सर, झाड नाई म्हनून," सुखदेव खाली मान घालून म्हणाला. "पन पायाले कोन सांगन?"

मग सर प्रिन्सिपॉलसाहेबांकडे झाड तोडण्याची परवानगी मागायला गेले. साहेब म्हणाले, "हरलात तर सगळं मैदानच नांगरायचं आहे. एकट्या झाडाची घाई कशाला? आधी जिंकून या, दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड देतो."

* * *

दसरा झाला आणि स्पर्धेतली पहिली मॅच नागपूरला लागली, तिथल्या एका बड्या कॉलेजबरोबर. त्यांच्या अंगावर एकसारख्या जर्सी, पायात बूट, आणि ते बूट त्यांनी खेळतानाही काढले नाहीत. मला राहून राहून आमचं मैदान दिसत होतं, त्यावर कपाशीच्या सरळ ओळी, आणि प्रिन्सिपॉलसाहेब कडेला छत्री धरून उभे. गुलाबचं ते शेवटचं वर्ष. तो रात्रभर झोपला नव्हता.

सरांनी उतरण्यापूर्वी एवढंच सांगितलं, "वामन, गाडी नाही. नारायण, सौजन्य नाही. सुखदेव, झाड नाही."

खेळ आम्हाला वाटला होता त्यापेक्षा बरा झाला. त्यांनी एक गोल केला, गुलाबने घासाघीस करून पुढे सरकवलेल्या फ्री किकवर आम्ही तो फेडला. नारायणने त्यांच्या एकाला आडवं केलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरून, तोंड फिरवून उभा राहिला. शेवटची काही मिनिटं उरली असताना जवळच्या रुळांवर इंजिनने शिटी दिली. आम्ही सगळ्यांनी वळून गोलकडे पाहिलं. वामनने डोळे मिटून खांबाला मिठी मारली होती.

तेवढ्यात सुखदेवला चेंडू मिळाला.

तो उजव्या बाजूने निघाला. समोर त्यांचा एकच फुलबॅक, दांडगा आणि नावाजलेला. सर लाइनीबाहेरून बरोबरीने धावायला लागले. छत्री कुठेतरी पडली. "सुखदेव, सरळ जा! झाड नाही! झाड नाही!" नागपूरचे प्रेक्षक झाड कुठे आहे ते पाहू लागले. मीही धापा टाकत मागून ओरडत होतो, आणि मनात म्हणत होतो, आता गेलं मैदान.

फुलबॅकने अंदाज घेतला, पाय रोवले आणि सरळ येणाऱ्या सुखदेववर सगळं अंग झोकून दिलं. नेमका त्याच जागी सुखदेव बाहेर वळला. फुलबॅक रिकाम्या हवेतून सरकत गेला आणि जिथे आमचा कडुनिंब असायला हवा होता, बरोबर तिथे जमिनीवर बसला. सुखदेवने त्याला अर्धा वळसा घातला, आत शिरला आणि गोल मारला.

रेफ्रीची शेवटची शिटी झाली तेव्हा गुलाब मैदानात बसून रडत होता. नारायण त्या फुलबॅकजवळ पोचला होता आणि त्याचं गाव विचारत होता.

नागपूरच्या टीमचे कोच आमच्या सरांना शोधत आले. गळ्यात शिटी, डोक्यावर टोपी, वयाने मोठे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी सरांचा हात हातात घेतला. "प्रोफेसरसाहेब, आमच्या फुलबॅकले असं कोनीच आजवर चुकवलं नव्हतं. काय टर्न आहे हो त्या पोराचा! कसा शिकवला? आमालेही सांगा."

आगाशे सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मैदानात एक कडुनिंब लावा. आणि तो मोठा होईपर्यंत थांबा."