साहेबांसाठी नेलेला वानोळा

नातीच्या कंपनीत मी एकदाच गेले. तिथं अर्धा तास बसले असेन. त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते आजवर घरात कुणाला पुरतं सांगितलेलं नाही.

ही माझ्या लेकीची मुलगी. लेक वैजापूरकडं शेतीवाल्यांत दिलेली. पोरगी अकरावीपासून माझ्याजवळ मुकुंदवाडीत राहिली, इथंच शिकली आणि जालना रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "नात काय करते वो तुमची?" मी म्हणायचे, "कॉम्प्युटरवर बसते." त्यापलीकडचं मलाही ठाऊक नव्हतं.

आत काय चालतं ते मला रविवारी कळायचं. तिच्याबरोबर काम करणारी चौघं आमच्याकडं यायची. मी थालीपीठं लावायचे, ती खायची आणि कंपनीला शिव्या द्यायची.

"आजी, पुण्याहून नवा माणूस आणलाय. काम आमच्याकडून शिकतो आणि पगार आमच्यापेक्षा जास्त घेतो."

"मग शिकवता कशाला? बसू द्या की तसाच."

"वर्षाला आमचे मार्क आम्हालाच द्यायला लावतात. मग साहेब ते खोडून कमी करतो."

"त्याच्यापेक्षा आमचा मास्तर बरा म्हणायचा," मी म्हणाले. "कमीच द्यायचा, पण आधी आम्हाला विचारायचा तरी नाय."

ती चौघं हसायची. पण नात हसत नसे. तिला चार वर्षं झाली होती आणि ती होती त्याच जागेवर होती. टीम लीड म्हणून एक जागा रिकामी झाली होती. ती कुणाला मिळणार, कशावर मिळणार, कुणालाच माहीत नव्हतं. साहेबाची मर्जी, एवढाच नियम.

म्हणून पाच जणांनी मिळून पत्र लिहिलं. पगारवाढ आणि बढती कशी ठरते ते लेखी द्या, असं त्यात होतं. पत्र साहेबाला नाही, थेट मालकांना द्यायचं होतं. मालक पुढच्या आठवड्यात पुण्याहून यायचे होते. मजकूर त्या चौघांतल्या चितेगावच्या पोरीनं लिहिला, कारण तिचं लिहिणं चांगलं. तिचा बाप तिकडं एका कारखान्यात कामाला. तिला कंपनीत लागून वर्षही झालं नव्हतं, नोकरी पक्की व्हायची होती. पहिली सही माझ्या नातीनं केली, सगळ्यांत जुनी म्हणून.

"आजी, मालक येईपर्यंत कुठं बोलू नको हं," नात म्हणाली. "साहेबाला कळलं तर एकेकाला वेगळं गाठेल."

"मी कुठं जाते बोलायला?"

आता माझं सांगते. मी चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंगला होते. चौथी शिकलेली बाई, दुसरं काय मिळणार. बरोबरच्या बाया दर सहा महिन्यांनी घरी बसवल्या जायच्या आणि परत घेतल्या जायच्या. मला कधी बसवलं नाही. गावाकडून काही नवं आलं, शेंगा, हुरडा, तीळ, की पहिला वानोळा मी सुपरवायझरच्या घरी नेऊन द्यायचे. शेतात आलेलं चार घरी द्यायची आपल्याकडं रीतच आहे, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. पण मी नुसता वानोळा देत नव्हते. पिशवी रिकामी होईपर्यंत बसायचे आणि कोण उशिरा येतं, कोण बायांना गोळा करून बोलतं, तेही सांगायचे. एकदा माझ्या सांगण्यावरून एक बाई गेली. तेव्हा मला काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. माझी चूल पेटत होती.

मालक यायला चार दिवस होते तेव्हा लेकीनं वैजापूरहून ओल्या शेंगा पाठवल्या. मी अर्ध्या काढून ठेवल्या. नात कामाला गेल्यावर स्वच्छ लुगडं नेसले, पिशवी घेतली आणि रिक्षात बसले. माझ्या मनात एवढंच होतं, की ही पोरं पत्रं लिहीत बसलीत, यांना साहेब हाताळता येत नाही. मला येतो.

दारावरचा वॉचमन म्हणाला, "अम्मा, किससे मिलना है?"

"बडे साब से. गाव का वानोळा है."

त्यानं पिशवीत हात घालून पाहिलं, एक शेंग फोडून खाल्ली आणि मला आत सोडलं. नात वरच्या मजल्यावर होती, तिला मी दिसले नाही.

साहेब पस्तिशीचा असेल. मी नातीचं नाव सांगितलं तसा उठून उभा राहिला. "या आजी, बसा." पाणी मागवलं. शेंगा पाहून खूश झाला. "आमच्या आईकडं यायच्या अशा," म्हणाला. मला वाटलं, जमलं.

मी म्हणाले, "साहेब, आमची पोरगी लई कष्टाळू आहे. तिच्याकडं जरा बघा."

"बघतोय ना आजी. चांगलं काम आहे तिचं. पण हल्ली सगळेच जरा नाराज दिसतात. काय झालंय?"

त्यानं सहज विचारलं. सुपरवायझरही असंच सहज विचारायचा. मला ती विचारायची तऱ्हा चांगली ओळखीची होती, म्हणून मला फसवलं असं मी म्हणू शकत नाही. मी पत्राचं सांगितलं. मालकांना द्यायचंय हे सांगितलं. आणि वर म्हणाले, "ते सगळं त्या चितेगावच्या पोरीचं काम आहे. तिनंच लिहिलंय, तिनंच पोरं फितवली. आमची त्यात नाय. आमची साधी आहे."

साहेब शेंगा सोलत होता. मग म्हणाला, "बरं केलंत आजी, आलात ते."

रिक्षा त्यानंच मागवून दिली. घरी येईपर्यंत मी खुशीत होते.

मालक आले आणि गेले, पत्र कुणी दिलंच नाही. त्याआधीच साहेबानं एकेकाला आत बोलावलं होतं. तिघांना थोडी थोडी वाढ देऊन गप्प केलं. चितेगावच्या पोरीला सांगितलं, तुझं काम समाधानकारक नाही, उद्यापासून येऊ नको. आणि माझ्या नातीला टीम लीड केलं.

मला आधी एवढंच कळलं की नात टीम लीड झाली. मी पेढे आणले, गल्लीत वाटले. संध्याकाळी नात आली तेव्हा तिच्यासमोर डबा धरला. तिनं घेतला नाही.

"आजी, तू ऑफिसात आली होतीस?"

"कोण म्हणालं?"

"साहेब म्हणाले. आजींच्या शेंगा गोड होत्या म्हणे."

मी म्हणाले, "वानोळा द्यायला गेले होते. त्यात काय?"

"पत्राचं तूच सांगितलंस ना?"

"निघालं बोलण्यात." चितेगावच्या पोरीबद्दल काय बोलले ते मी सांगितलं नाही. नातीनंही विचारलं नाही. तिनं हात धुतले आणि खाली मान घालून जेवली.

नंतरच्या रविवारी कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांना वाटतं मीच फोडलं. मला जागा मिळाली ना."

"मग सांग की त्यांना, आजीनं सांगितलं म्हणून."

"काय सांगू? माझी आजी साहेबाला शेंगा घेऊन गेली होती?" ती म्हणाली. "त्यापेक्षा मला नावं ठेवू देत."

तिला माझी लाज वाटत होती की ती मला झाकत होती, ते मला नीट कळलं नाही. दोन्हीही असेल. जागा मात्र तिनं सोडली नाही, आणि सोड म्हणायला माझंही तोंड उघडलं नाही.

चितेगावची पोरगी सिडकोत दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती, ते मला माहीत होतं. एका सकाळी मी तिथं गेले. दुसरी नोकरी अजून लागली नव्हती. तिनं चहा केला. मी कप हातात घ्यायच्या आधीच बोलून टाकलं, "साहेबाला मी सांगितलं. आमच्या पोरीनं नाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तिनं पाठवलं का तुम्हाला?"

"नाय गं. देवाशप्पथ मीच."

"आजी, तुम्ही कशाला तिचं अंगावर घेता? या वयात?"

मी वॉचमनचं, शेंगांचं, साहेबाच्या खोलीचं, सगळं सांगितलं. तिच्याबद्दल काय बोलले तेही सांगितलं. फितवली हा शब्द मी उच्चारला तेव्हा ती उठून खिडकीशी गेली.

मग म्हणाली, "म्हणून मला एकटीला काढलं होय. मी विचार करत होते, माझ्यात काय कमी होतं." आणि माझ्याकडं वळून, "आजी, खरंच वाईट वाटत असेल तर एक करा. जसं तेव्हा गेलात तसं परत जा. साहेबाला सांगा, तुम्ही खोटं बोललात. पत्र पाच जणांचं होतं, पहिली सही तुमच्या नातीची होती. मला कामावर परत नका घेऊ म्हणावं. पण मला काढल्याच्या कागदावर तो काय लिहितो ते दुसऱ्या कंपन्या विचारतात. तेवढं नीट लिहा म्हणावं."

तिनं ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

मी म्हणाले, "बघते."

या गोष्टीला आता पाच महिने झाले. कंपनीपर्यंत रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात. वॉचमन मला ओळखतो, साहेबही बसा म्हणेल. मी गेले तर नातीची जागा जाईल, म्हणून मी जात नाही. चितेगावच्या पोरीचं काय झालं ते मी कुणाला विचारत नाही.