सूचक: पार्वतम्मा मलप्पा

तर काल मी कुठं थांबलो होतो? हां, ठरावाचं पुस्तक काखेत मारून मलप्पाच्या ओसरीवर पोचलो, तिथं. त्याची बायको पार्वतम्मा सुपात तूर घेऊन बसली होती. तिनं हात पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, मी बोट ठेवलं तिथं सही केली आणि चहाचं आधण ठेवायला उठली. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. पंचायतीत कायद्यानं दोन बाया घ्याव्या लागायच्या, म्हणून दोन नावं घातलेली. दुसरी बाई लेकीकडं जाऊन राहिलेली, ती वर्षातून दोनदा दिसायची. बाईनं चावडीत येऊन बसायचं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बैठकीला पुरुष यायचे, आणि बैठक उठली की पुस्तक बायांच्या घरी जायचं.

पार्वतम्माचं माहेर निलंग्याकडचं. त्या घरात कानडी. चौदाव्या वर्षी लग्न होऊन चाकूरपासून कोसभरावरच्या आमच्या गावात आली. मराठी चौथी शिकलेली, पण रागावली की कानडीत जायची, त्यामुळं तिचा राग किती खोल आहे हे मलप्पाला कधी कळलंच नाही. तो म्हणायचा, बरंय, संसार टिकला त्यानंच.

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिथून झाला. ठराव म्हटला की त्याला सूचक लागतो, म्हणजे ठराव मांडणारा. ग्रामसेवक रेणुकादासराव चार गावं सांभाळायचे आणि आमच्याकडं फक्त मंगळवारी यायचे. म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. मी सदस्य, सातवी पास, अक्षर वळणदार. ज्या ठरावावरून तकरार होईल असं वाटायचं, त्याला सूचक म्हणून आम्ही बाईचं नाव टाकायचो. पुरुषाचं टाकलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात चार माणसं उभी. बाईच्या दारात भांडायला कोण येणार? गायरानातली झोपडी हलवायची, लिहा पार्वतम्मा. बाजाराची जागा बदलायची, लिहा पार्वतम्मा. आम्हाला ही लई अकलेची गोष्ट वाटायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ते साल पंच्याऐंशीचं. उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा होऊन पावणेतीन वर्षं झालेली. जिल्हा झाला तेव्हा आम्ही हलगी वाजवली होती. पुढं कुठला कागद कुठल्या हापिसात हे मात्र कुणाला सांगता येईना. माणूस उस्मानाबादेला गेला की म्हणायचे लातूरला जा, लातूरला गेला की म्हणायचे अजून आलं नाही. आणि त्यात पाऊस नाही. गावातले आड कोरडे पडले. एकट्या वरल्या गल्लीच्या, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या आडात तळाला हातभर पाणी राहिलं. खालल्या वस्तीतल्या बायांना तिथं दोर सोडायची मुभा नव्हती. त्या घागरी घेऊन कडेला उभ्या राहायच्या, आणि आमच्या बाया शेंदून वरून ओतायच्या. मर्जी असली तर लवकर, नसली तर दुपार.

अशात गावाला एक बोअर मंजूर झाला, वर हापसा बसवून मिळणार. एकच. सरपंच बसलिंगप्पा म्हणाले, वरल्या गल्लीत मठासमोर घ्या. चावडीत खालल्या वस्तीचा एकच सदस्य होता, त्याला कुणी विचारलं नाही. मी ठराव लिहिला आणि सवयीनं सूचक टाकलं, पार्वतम्मा मलप्पा. सुरुवातीला सांगितली ती सही याच ठरावावरची.

चौथ्या दिवशी सकाळी मलप्पाच्या दारात वीस-पंचवीस बाया. पुढं सिंधु. ही सिंधु वर्षानुवर्षं मलप्पाच्या रानात खुरपायला यायची, पार्वतम्माच्या जोडीनं पात धरायची. ओरडली नाही. म्हणाली, "अक्का, एका बांधावर बसून भाकरी खाल्ली आपण. तुमच्या तोंडून ह्ये निघंल असं वाटलं न्हवतं."

पार्वतम्माला काही समजेना. तिनं मलप्पाकडं पाहिलं, मलप्पानं बैलाकडं पाहिलं. ती म्हणाली, मी काय बोलले? सिंधु म्हणाली, पुस्तकात आहे, खाली सहीबी आहे तुमची. आणि मग म्हणाली, "बोअर कुठंबी पाडा, चालायला पाय हायेत आम्हाला. पर हापशाचा दांडा कुणाच्या हातात ऱ्हाणार, तेवढं सांगा." बायांनी घागरी तिथंच ओसरीसमोर पालथ्या घातल्या आणि निघून गेल्या. दुपारी वस्तीचा अर्ज लातूरला गेला, चौकशी करा म्हणून.

मग बिघडत गेलं. आमच्या गल्लीला राग आला की अर्ज केलाच कसा, म्हणून आडावरचं ओतणं बंद. वस्तीनं दीड कोसावरच्या ओढ्याच्या वाळूत झिरे खणून पाणी काढलं. रोजगार हमीच्या तळ्यावर दोन्हीकडची माणसं एका रांगेत मातीच्या पाट्या देईनात. वरला माणूस पाटी खाली ठेवायचा, मग खालला उचलायचा, मुकादम बेजार. एका सोमवारी पाट्या टाकून दगड उचलले. दोघांची डोकी फुटली, त्यातला एक मलप्पाचा पुतण्या.

त्याच दिवशी पार्वतम्मानं मला निरोप धाडला, पुस्तक घेऊन या. मी गेलो. तिनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, अक्षराखाली बोट धरून. ऊन ओसरीवरून अंगणात उतरेपर्यंत वाचत होती. मला वाटलं आता कानडी सुरू होणार. पुस्तक मिटून तिनं एवढंच विचारलं, "भावजी, नऊ ठराव. मी येवढं बोलले व्हय?"

मला हसू आलं. ती हसली नाही. मग मी रीत समजावून सांगितली, आणि सांगता सांगता मलाच ती पहिल्यासारखी अकलेची वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून ती फिरायला लागली. आधी खालल्या वस्तीत गेली, सिंधुच्या दारात बसली. सिंधु तासभर पाठ करून नुसती शेणी थापत राहिली म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. तिथून उठली की वरल्या गल्लीत घरोघर. प्रत्येक घरात बायांना एकच विचारायची, लोखंडी दांड्याला कुणाचाबी हात लागला तर तुझ्या घागरीतलं पाणी बदलंल का? कुणी दार लावून घेतलं. कुणी म्हटलं, आमच्या ह्यांना विचारून सांगते. बसलिंगप्पाची म्हातारी आई म्हणाली, लोखंडाला कसला आलाय विटाळ, सरकार काय जात विचारून ओततंय का लोखंड, पण मी म्हणले असं सुनेला सांगू नको. सुनेनंही तेच सांगितलं, सासूला सांगू नको.

आम्हा पुरुषांना कळेना की ही गाव जोडतेय की तोडतेय. बसलिंगप्पांना वाटे, बाई आपल्या गल्लीची आहे, चौकशीला साहेब आले की ठराव माझाच म्हणेल. वस्तीला वाटे, आता ती ठराव माझा नाही म्हणेल. मलप्पाला वाटे, भाकरी वेळेवर मिळावी. मांडणाऱ्याला मांडलेला ठराव मागं घेता येतो का, हे विचारायला रेणुकादासराव दोन दिवस हिंडले. जुन्या जिल्ह्याचे म्हणाले, फाईल नव्याकडं गेली. नव्या जिल्ह्याचे म्हणाले, आली नाही. एका कारकुनानं त्यांनाच विचारलं, तुमचं गाव नक्की आमच्यात आहे ना? ते परत आले ते एवढीच खबर घेऊन, की चौकशीत तंटा दिसला तर बोअरची गाडी पुढच्या गावाला वळवणार.

म्हणजे बोअरच जाणार. आता वरलेही घाबरले आणि खाललेही.

पुढल्या आठवड्यात बुधवारी चौकशीचे साहेब आले. चावडी भरली. खालल्या वस्तीच्या बाया एका अंगाला, आमच्या दुसऱ्या अंगाला, मधे गाडीवाट. पार्वतम्मा त्या वाटेनं आली आणि चावडीची पायरी चढली. बाई आत आल्यावर तिला बसवायचं कुठं, हा सवालच आमच्यापुढं कधी आला नव्हता. बसलिंगप्पा अर्धे उठले, परत बसले. मी आपली सतरंजीची घडी सरकवली, तर ती मुळात लहान. पार्वतम्मा उभीच राहिली.

मी लिहायला बसलेलो, हातात टाक, आणि डोक्यात नुसता गोंधळ. ती नाही म्हणाली तर खरं बोलली, पण मग पुस्तक खोटं, लिहिणारा मी खोटा, आणि बोअर गेला. हो म्हणाली तर बोअर राहिला, पण सिंधु त्या हापशापाशी पुन्हा घागर घेऊन कडेला उभी. मी देवाकडं काय मागावं तेच ठरेना. आज इतक्या वर्षांनी विचाराल, की त्या दिवशी ती खरं बोलली का खोटं, तर मला अजून सांगता येत नाही. मी कधी एका बाजूनं धरतो, कधी दुसऱ्या.

साहेबांनी ठराव मोठ्यानं वाचला. मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बाई, हा ठराव तुम्ही मांडला होता का?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाहेर सिंधुकडं. जबानी मीच लिहून घेतली, म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे देतो.

"हाव साहेब, मीच मांडला. पर लिवणाऱ्यानं अर्धाच लिवला. बोअर मठाम्होरं पाडा न्हाईतर वस्तीत पाडा, जितं पाणी लागंल तितं पाडा. पर दांड्याला गावातल्या कुणाचाबी हात लागंल, आन् हितून पुढं कुणी कुणाला वरून वतायचं न्हाई, येवढं लिवायचं ऱ्हायलंय. त्ये आता ह्या समद्या बायांच्या म्होरं लिवा, मग मी सही करते. आन् म्होरल्या बैठकीपासून ह्ये पुस्तक माज्या घरी धाडू नका, मी हितं येऊन बसत जाईन."