घोडा, फेटा आणि पोर्चचा बीम

“नवरदेव घोड्यावरून थेट हॉलच्या दारात आला पायजे,” शिवराजअण्णा म्हणाले. “आमच्यात त्याला रस्त्यावर उतरवत न्हाईत.”

औरादला अण्णांचं मंगल कार्यालय बांधायचं होतं. ड्रॉइंगचं काम बीदरला आमच्या सरांच्या आर्किटेक्ट ऑफिसकडे. पोर्चवर बाल्कनी, तिच्याखाली जाड बीम. पायाचं फुटिंग झालं होतं. दोन दिवसांत कॉलम काँक्रीटनं भरले की बीमची उंची कायमची ठरणार होती.

सरांनी हे एकच काम मला बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगवर करू दिलं होतं. “घोळ झाला तर परत कॅड,” असं बजावून.

कॅडमध्ये आपण कागदावरच्या रेषाच स्क्रीनवर काढतो. प्लॅन वेगळा, सेक्शन म्हणजे उभा छेद वेगळा. त्यांचा मेळ माणसानं घालायचा. बीआयएममध्ये कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करायची आणि ड्रॉइंग तिच्यातून काढायची.

“घोड्याला जागा भरपूर आहे,” सर प्लॅनवर बोट ठेवून म्हणाले. होतीच. पण प्लॅन म्हणजे वरून पाहिलेलं चित्र. त्यात उंची दिसत नाही.

मी मॉडेलमध्ये घोड्याएवढा ठोकळा ठेवला, त्यावर स्वार म्हणून दुसरा. क्लॅश चेक लावला. कोणती वस्तू कशात घुसते, ते हा चेक शोधतो. स्क्रीन लाल झाली.

“सर.” कोणी ऐकलं नाही. मी आवाज चढवला. “नवरदेवाचं कपाळ बीमला लागतंय.”

अण्णा खुर्ची ओढून आले. “फेटा धरलीस का, अक्का?”

“नाही.”

“कामून? बोडक्यानं लगीन लावायलीस व्हय?”

मी फेटा धरला, वर तुराही. लाल आणखी वाढलं.

“बीम वर घे,” सर म्हणाले.

मी बीम आणि बाल्कनी उचलली. कॉलम वाढले, रेलिंग वर गेलं, जिन्याला पायरी वाढली. सेक्शन, समोरून दिसणारं एलिव्हेशन, सगळी शीट्स डोळ्यांदेखत बदलली. मी परत क्लॅश चेक लावला; लाल गेलं होतं.

“कॅडवर हे उद्या संध्याकाळपर्यंत चाललं असतं,” सर पुटपुटले. “प्रिंट काढ.”

कॉलम नव्या उंचीनं भरले. पहिल्याच लग्नात नवरदेव तुऱ्यासकट दारापर्यंत आला. सरांनी पुढचं शाळेचं कामही मला बीआयएमवरच दिलं.

सॉफ्टवेअर टक्कर शोधून देतं. नवरदेव कुठं उतरतो, ते मात्र क्लायंटलाच विचारावं लागतं.